अंदमानाच्या आधीचं काळं पाणी

क्रूझचं तिकीट काढल्याचं सांगितलं तेव्हा बाबांनी विचारलं, "म्हणजे आता मी पैसे देऊन बोटीवर जायचं?"

प्रश्न रास्त होता. छत्तीस वर्षं बोटीवर जाण्याचे त्यांनाच पैसे मिळत होते. 1972 साली दाभोळहून मुंबईला येऊन ते मालवाहू बोटीवर खलाशी म्हणून चढले, मग तांडेल झाले आणि शेवटची बारा वर्षं सारंग. कागदावर 'बोसन' असं लिहिलेलं असायचं, पण आमच्या गावात बोसन म्हटलं तर कुणाला कळणार नाही. सारंग म्हटलं की अंगणातली खुर्ची पुढे येते.

सिंगापूर, पोर्ट क्लांग, पिनांग आणि परत सिंगापूर, अशी चार रात्रींची ट्रिप होती. ही सगळी बंदरं बाबांनी कितीतरी वेळा 'केली' होती. खलाशी लोक बंदर 'करतात', आपल्यासारखे 'बघत' नाहीत. पिनांग किती वेळा केलं असं विचारलं, तर म्हणाले, "सहा-सात वेळा. उतरलो एकदा." म्हणूनच मी हे तिकीट काढलं होतं. माणसानं आयुष्यभर ज्या शहरांचे फक्त धक्के आणि क्रेन बघितल्या, त्याला ती शहरं एकदा आतून दाखवावीत, असा माझा साधा आणि थोडा फिल्मी बेत होता.

निघायच्या आधी सवयीप्रमाणे वाचायला बसले. आग्नेय आशियाचा भारताशी संबंध म्हटलं की आपल्याकडे काय येतं ते तुम्हाला माहीत आहे. राजेंद्र चोळानं 1025 च्या सुमारास श्रीविजयावर केलेली आरमारी स्वारी, सुवर्णभूमी, अंगकोरची देवळं. व्हॉट्सअॅपवर हे आरमार रोज फिरतं. मीही त्याच अपेक्षेनं वाचत होते. पण सिंगापूरच्या जुन्या इमारतींची माहिती वाचताना एक शब्द पुन्हा पुन्हा यायला लागला: कैदी. हे चर्च भारतीय कैद्यांनी बांधलं. हा रस्ता भारतीय कैद्यांनी काढला. ही दलदल भारतीय कैद्यांनी भरली. गव्हर्नरचा बंगलाही त्यांनीच बांधला. त्यांच्याबद्दलचा फॉरवर्ड मला अजून तरी आलेला नाही.

काळं पाणी म्हटलं की मराठी माणसाच्या डोळ्यांपुढे एकच चित्र उभं राहतं: अंदमान, सेल्युलर जेल, कोलू, सावरकर. ते चित्र चुकीचं नाही, पण उशिराचं आहे. सावरकर अंदमानात पोचले 1911 साली. अंदमानची कैद्यांची वसाहत कायमची सुरू झाली 1858 मध्ये, सत्तावन्नचा उठाव मोडल्यावर. त्याआधी सत्तरेक वर्षं ईस्ट इंडिया कंपनी जन्मठेपेच्या कैद्यांना समुद्रापार पाठवतच होती. कुठे? सुमात्रातल्या बेंकूलनला, मॉरिशसला, ब्रह्मदेशाच्या किनाऱ्यावर, आणि पिनांग, मलाक्का, सिंगापूर या तीन बंदरांत. आज जिथे आपण इमिग्रेशनच्या रांगेत उभं राहून ड्युटी-फ्री परफ्यूमचा वास घेतो, तेच तेव्हाचं काळं पाणी होतं.

गंमत म्हणजे अंदमानात एक प्रयोग त्याआधीही होऊन गेला होता. 1789 मध्ये कंपनीनं तिथे वसाहत काढली, कैदी नेले. पण रोगराईनं माणसं मरायला लागली आणि 1796 मध्ये सगळा बाडबिस्तरा गुंडाळला. उरलेल्या कैद्यांचं काय केलं? सुमारे सातशे जणांना पिनांगला हलवलं. म्हणजे एका काळ्या पाण्यावरून दुसऱ्या काळ्या पाण्यावर बदली.

*

जहाजावर पहिल्या संध्याकाळी आई स्विमिंग पूलच्या कडेला पाय सोडून बसली आणि बाबा गायब झाले. शोधत गेले तर ते खालच्या डेकवर, 'फक्त कर्मचाऱ्यांसाठी' असं लिहिलेल्या दारापाशी उभे. दार उघडायचं, कुणीतरी ट्रॉली घेऊन बाहेर यायचं आणि बाबा त्याला "कुठला रे तू?" विचारायचे. अर्ध्या तासात त्यांनी कुडाळचा एक मुलगा शोधून काढला होता. तो आमच्याच मजल्यावरच्या केबिन साफ करायचा. त्यानंतर आमच्या केबिनमधल्या टॉवेलांचे रोज हत्ती आणि हंस व्हायला लागले.

रात्री डेकवर बसलो. दोन्ही बाजूंना दिव्यांची रांग होती. मला ती किनाऱ्याची वाटली, पण ती जहाजांची होती. मलाक्काची सामुद्रधुनी सुमारे आठशे किलोमीटर लांब आहे, आणि सिंगापूरपाशी तिची चालती वाट तीन किलोमीटरहूनही अरुंद होते. चीन-जपानकडे जाणारं तेल आणि तिकडून येणारा माल या चिंचोळ्या बोळातून जातो. बाबा अंधारात बोट दाखवून सांगत होते: हा टँकर आहे, हा रिकामा आहे, बघ किती वर उचललाय. वाटेवरच्या दीपस्तंभांची नावं त्यांना अजून पाठ होती. 'वन फॅदम बँक' हे नाव त्यांनी आपल्या आळीतल्या मारुतीच्या देवळाचं घ्यावं तसं घेतलं.

ही वाट महत्त्वाची का, याचं उत्तर वाऱ्यात आहे. शिडाच्या काळात आपल्याकडून जाणारं जहाज नैऋत्य मोसमी वाऱ्यावर पूर्वेला यायचं, चीनकडून येणारं ईशान्य वाऱ्यावर दक्षिणेला उतरायचं, आणि दोघांचीही वाऱ्याची हद्द इथेच कुठेतरी संपायची. परत जायचं तर वारा उलटेपर्यंत थांबायला हवं. काही महिने थांबायचं म्हणजे वखार हवी, बाजार हवा, मशीद हवी, देऊळ हवं, भांडणं सोडवायला कुणीतरी हवं. त्या थांबण्यातून ही शहरं वाढली. बाबांच्या नोकरीच्या सुरुवातीलाही थांबणं होतं. माल गोणी-गोणीनं उतरायचा, बोट आठ-दहा दिवस धक्क्याला असायची. 1972 च्या जूनमध्ये, म्हणजे बाबा नोकरीला लागले त्याच वर्षी, सिंगापूरच्या तांजोंग पगार धक्क्यावर पहिली कंटेनर बोट लागली. पुढे थांबण्याचे दिवस जाऊन तास उरले. "आधी आम्ही चेंज अॅलीत जाऊन टू-इन-वन घासाघीस करून आणायचो," बाबा म्हणाले. "मग नुसती क्रेन बघायची. क्रेन काय, सगळीकडे सारखीच."

त्या रात्री मी एक मूर्खपणा केला. डोक्यात कैद्यांचं वाचलेलं घोळत होतं. म्हटलं, "बाबा, तुमच्यात आणि त्या कैद्यांच्यात फरक तो काय? तेही समुद्रापार राबले, तुम्हीही."

बाबा भडकले. "काय बोलतेस? मला पगार होता. करार होता. माझी मनीऑर्डर आली नाही असा एक महिना सांग. त्यांना साखळ्या होत्या ना? मग?"

मी गप्प बसले. इतिहास वाचणाऱ्या माणसाला सगळीकडे सारखेपणा दिसायला लागतो, आणि तो सांगितला की आपण फार खोल बोललो असं वाटतं. ज्यानं ते काम केलेलं असतं त्याला फरक कळतो.

*

पोर्ट क्लांगला फार काही नाही. बाबांचे जुने सारंग त्याला 'स्वेटनम' म्हणायचे, कारण 1972 पर्यंत त्याचं नाव पोर्ट स्वेटनहॅम होतं. तिथून बसनं मलाक्का, दोनेक तास. वाटेत दोन्ही बाजूंना पाम तेलाचे मळे. आपल्या तळणातलं तेल कुठून येतं ते दिसतं.

मलाक्का हे या सगळ्या बंदरांचं थोरलं घर. 1400 च्या आसपास परमेश्वर नावाच्या राजानं ते वसवलं. शंभर वर्षांत तिथे इतके देशोदेशीचे व्यापारी जमले की त्यांच्यासाठी चार शाहबंदर नेमावे लागले, त्यातला एक खास गुजरात्यांसाठी. शाहबंदर म्हणजे बंदराचा अधिकारी. शब्द फारसी, पण त्यातलं 'बंदर' आपल्याकडेही आलं आणि मलायातही गेलं. तिथे त्याचा अर्थ 'शहर' असा झाला. ज्या लोकांनी बंदरं आधी आणि शहरं नंतर बघितली, त्यांच्या भाषेला हे शोभतं.

गोव्याशी या गावाचं नातं जरा वेगळं आहे. अफोन्सो द अल्बुकर्कनं 1510 च्या नोव्हेंबरमध्ये गोवा घेतला आणि पुढच्याच ऑगस्टमध्ये मलाक्का. तिथली लूट भरून परत येणारं त्याचं 'फ्लोर द ला मार' हे जहाज सुमात्राच्या किनाऱ्याजवळ बुडालं. त्या जहाजाची लाकडी प्रतिकृती मलाक्कात संग्रहालय म्हणून उभी आहे आणि तिच्यासमोर सेल्फीची रांग असते. बाबांनी तिचा नांगर, दोर, शिडं सगळं तपासलं. शेरा काही मारला नाही. टेकडीवर सेंट पॉल चर्चचे नुसते दगडी भग्नावशेष आहेत. गोव्यात ज्या झेवियरच्या शवाच्या दर्शनाला दर दहा वर्षांनी लाखो लोक जातात, ते शव गोव्याला येण्याआधी 1553 मध्ये काही महिने इथे पुरलेलं होतं. समोर झेवियरचा पांढरा पुतळा आहे, त्याचा उजवा हात तुटलेला. झाड पडून तुटला म्हणतात. खऱ्या शवाचाही उजवा हात 1614 मध्ये रोमला नेलेला आहे, त्यामुळे पुतळा दुरुस्त करायची कुणाला घाई वाटली नसावी.

आईला यातलं काहीच नको होतं. तिला गणपती हवा होता, आणि तो होता. डच अमदानीत, 1781 मध्ये बांधलेलं विनायगराचं देऊळ. ते तिथल्या चिट्टी समाजाचं आहे. हे लोक तमिळ व्यापाऱ्यांचे वंशज, पण घरात मलाय बोलतात. पुजाऱ्यानं आईला विभूती दिली, आईनं त्याला "कोकणातून आलो" असं मराठीत सांगितलं, आणि दोघांचंही समाधान झालं.

*

पिनांगला जहाज थेट गावातच लागतं. उतरलं की पाच मिनिटांत कॉर्नवॉलिस किल्ला. कॅप्टन फ्रान्सिस लाइटनं 1786 च्या ऑगस्टमध्ये हे बेट कंपनीच्या नावानं घेतलं. बेटावर सगळं जंगल. ते साफ करायला माणसं तयार होईनात, म्हणून त्यानं तोफेत चांदीची नाणी भरून जंगलात उडवली आणि लोक नाणी शोधता शोधता झाडं तोडत गेले, अशी कथा गाइड सांगतात. कथा फार गोड आहे, मलाही आवडली. पण नाणी एकदाच उडवता येतात. रस्ते, गटारं, धक्के रोज लागतात. त्यासाठी चार-पाच वर्षांतच भारतातून कैदी यायला लागले.

1818 साली पुरं झालेलं सेंट जॉर्ज चर्च त्यांनी बांधलं. पांढरंशुभ्र, ग्रीक खांबांचं, आत गार. त्याच रस्त्यावर पुढे चिनी देऊळ, मग मारियम्मनचं देऊळ, मग कपितान केलिंगची मशीद. पर्यटन खात्यानं त्याला एकोप्याचा रस्ता असं नाव दिलंय. थोडं चालून गेलं की चौरस्ता बाजार. हो, 'चौरस्ता'. रोमन लिपीत लिहिलंय, पण वाचताना मला ठाण्यात असल्यासारखं वाटलं. आत जायफळाचे प्रकार, लोणची, सुकी मासळी. सुकटीच्या वासानं आई एकदम खुलली.

बाबा मात्र समुद्राकडे बघत होते. समोर, पाण्यापलीकडे मुख्य भूमीवर बटरवर्थ. मालाचे धक्के तिकडे आहेत. "मी तिकडे असायचो," ते म्हणाले. "तिकडून हे गाव दिसायचं. रात्री दिवे."

बटरवर्थ हे नाव ज्याच्यावरून पडलं, तो कर्नल बटरवर्थ 1843 पासून बारा वर्षं या तिन्ही बंदरांचा गव्हर्नर होता. 1845 मध्ये त्यानं कैद्यांसाठी नियम घालून दिले. कैद्यांचे सहा वर्ग पाडले. नवीन आलेला खालच्या वर्गात, पायात बेड्या, रस्त्याचं काम. वर्षानुवर्षं नीट वागला की बेडी हलकी, मग बेडी जाणार, मग कामात मुकादमी, आणि अखेर सर्वात वरच्या वर्गात गेला की परवाना. बेटावर हवं तिथं राहा, कमवा, लग्न करा, फक्त हजेरी द्या. आणि या सगळ्यांवर पहारा कुणाचा? कैद्यांचाच. आधी पगारी शिपाई होते, पुढे ते कमी करून वरच्या वर्गातल्या कैद्यांनाच खालच्यांवर नेमलं. सरकारचा खर्च वाचला. पुढे सिंगापुरात या कैद्यांचा कारभार बघणाऱ्या मेजर मॅकनेअरनं 1899 मध्ये त्यावर पुस्तक लिहिलं, त्याचं नावच 'प्रिझनर्स देअर ओन वॉर्डर्स'. कैदी स्वतःच स्वतःचे पहारेकरी.

बोटीवर परतल्यावर मी ते फोनवर चाळत होते. या कैदी-मुकादमांना काय म्हणायचे ते मला तिथे सापडलं. तांडेल.

मी दोनदा वाचलं. मग बाबांना दाखवलं.

"तांडेल?" त्यांनी चष्मा वर केला. "आमचा?"

आमचाच. कोकणात, गुजरातेत जहाजावरच्या मुकादमाला तांडेल म्हणतात, काहींचं ते आडनावच आहे. गोऱ्या कप्तानांनी तो शब्द उचलला, जहाजावरून धक्क्यावर आणला आणि धक्क्यावरून तुरुंगात. बाबा मला काहीतरी सुनावतील असं वाटलं. आदल्या दिवशीचा राग अजून गेला नव्हता. पण ते काहीच बोलले नाहीत. जेवायला चला म्हणाले.

*

आता ठाण्याबद्दल. मी ठाण्यात राहते, आणि रोज सकाळी मध्यवर्ती कारागृहाच्या भिंतीजवळून चालायला जाते. मुळात तो किल्ला आहे: पोर्तुगीजांनी 1730 च्या सुमारास बांधायला घेतला, चिमाजी अप्पांच्या मोहिमेत 1737 मध्ये मराठ्यांनी घेतला, 1774 मध्ये इंग्रजांनी. राघोजी भांगरे यांना 2 मे 1848 रोजी इथेच फाशी दिली, हे शाळेत असताना सहलीत सांगितलं होतं. हे मात्र कुणी सांगितलं नव्हतं की मुंबई इलाख्यातल्या जन्मठेपेच्या कैद्यांना इथे ठेवून मग मुंबईच्या बंदरातून पूर्वेकडे रवाना करत.

बंगालचे कैदी कलकत्त्याहून जायचे, मद्रासचे मद्रासहून, आपल्याकडचे मुंबईहून. बंगाल आणि मद्रासकडच्या जन्मठेपवाल्यांच्या कपाळावर गुन्हा गोंदवायची पद्धत होती, ती 1849 मध्ये कायद्यानं बंद झाली. त्या कैद्यांत ठग होते, दरोडेखोर होते, खुनी होते, आणि कंपनीच्या राज्याविरुद्ध उठलेलेही होते. इंग्रज-शीख युद्धानंतर लढत राहिलेले भाई महाराज सिंग यांना 1850 मध्ये सिंगापूरला आणून कोंडलं. 1856 मध्ये ते तिथेच वारले. आजही तिथल्या एका गुरुद्वारात त्यांचं स्मारक आहे.

जहाजावरचे आठवडे हा त्यातला सर्वात वाईट भाग असावा. साखळ्या, तळातली कोंडलेली हवा, आणि त्यात जात बुडाल्याची भीती. सगळेच मुकाट्यानं गेले नाहीत. 1841 मध्ये मुंबईहून सिंगापूरला निघालेल्या 'फ्रीक' जहाजावर कैद्यांनी बंड केलं. 1854 मध्ये कलकत्त्याहून निघालेल्या 'क्लॅरिसा'वर केलं. आपल्याकडे सावरकरांची मार्सेलिसची उडी प्रत्येकाला माहीत आहे, आणि असायलाच हवी. 'फ्रीक' हे नाव मी चाळिशीत पहिल्यांदा वाचलं.

*

शेवटच्या दिवशी, रात्रीच्या विमानाआधी, आम्हाला सिंगापुरात आठ तास होते. आईनं लिटल इंडियातलं मोठं दुकान निवडलं आणि तिथे एका सोबतिणीबरोबर गेली. मी बाबांना सेंट अँड्र्यूज कॅथीड्रलला नेलं.

सिंगापूरला पहिले कैदी आले 1825 च्या एप्रिलमध्ये. आदल्या वर्षीच्या तहात इंग्रजांनी बेंकूलन डचांना दिलं होतं, त्यामुळे तिथले भारतीय कैदी इकडे हलवले. पहिल्या जहाजात मद्रासकडचे ऐंशी जण होते, त्यात एक बाई. पुढे बंगालचे आले, मुंबईचे आले, आणि 1850 च्या दशकाच्या अखेरीला त्यांची संख्या दोन हजारांच्या आसपास गेली. दलदल भरणं, रस्ते, पूल, दीपस्तंभ ही त्यांची कामं. सिंगापुरात तेव्हा वाघ माणसं मारत, तर वाघ मारायलाही कैद्यांच्या टोळ्या पाठवत. सेरांगूनला त्यांच्या विटांच्या भट्ट्या होत्या. त्या विटांना 1867 च्या आग्र्याच्या प्रदर्शनात रौप्यपदक मिळालं. माणसाला तडीपार करायचं, त्याच्याकडून वीट भाजून घ्यायची, आणि ती वीट मिरवायला त्याच्या देशात पाठवायची.

कॅथीड्रलच्या जागी आधी एक चर्च होतं, त्यावर दोनदा वीज पडली. ते बंद ठेवल्यावर गावात अफवा उठली की आत भुतं आहेत, त्यांना शांत करायला माणसांची मुंडकी हवीत, आणि ती आणायला गव्हर्नरनं रात्री कैदी सोडलेत. लोक अंधार पडल्यावर बाहेर पडेनात. आपल्याकडे प्रत्येक नव्या पुलाच्या वेळी अशीच आवई उठते, पायात बळी लागतो म्हणून. कैद्यांना गाव कसं बघत होतं, ते यातून कळतं.

नवीन इमारतीचा पाया 1856 मध्ये घातला, 1861 मध्ये पहिली प्रार्थना झाली. काम कैद्यांचं. आतल्या भिंतींचा गिलावा बघायला मी मुद्दाम आले होते. शिंपल्यांचा चुना, त्यात अंड्याचा पांढरा बलक आणि जाडी साखर, नारळाची सोडणं भिजवलेलं पाणी. हे कुटून, लावून, वाळल्यावर गुळगुळीत दगडानं घासायचं. बाबांनी खांबावरून हात फिरवला. "आमच्याकडे खाडीवर शिंपल्या भाजायचे," ते म्हणाले. "आजोबांच्या घराला तोच चुना. गूळ घालायचे." मग वाकून खांबाचा पायथा बघितला. "पाणी धरत नाही हा."

भिंतीवर पितळी, संगमरवरी स्मृतिफलक आहेत. 1915 च्या फेब्रुवारीत सिंगापुरातल्या पाचव्या लाइट इन्फन्ट्रीच्या भारतीय शिपायांनी बंड केलं, त्यात मेलेल्या गोऱ्यांचे फलकही त्यात आहेत. बंडवाल्यांपैकी सत्तेचाळीस जणांना आऊट्रमच्या तुरुंगाच्या भिंतीशी, लोकांसमोर गोळ्या घातल्या.

आम्ही बाकावर बसलो. पंखे फिरत होते. बाबा म्हणाले, "तांडेल म्हणजे मधला माणूस. वरचा शिव्या घालतो, खालचा शाप देतो."

मग त्यांनी सांगितलं. मला हे माहीत नव्हतं, आईलाही नसावं. बाबा तांडेल होते तेव्हाची गोष्ट. बोट याच बंदरात होती. शेजारच्या गावचा एक पोरगा, एकोणीस-वीस वर्षांचा, पहिलीच बोट. त्यानं इथे पळून जायचं ठरवलं होतं. चेंज अॅलीत कुणीतरी त्याला काम देतो म्हटलं होतं. बाबांना त्याच्या बॅगेवरून कळलं. एक बोट सोडून गेला की बाकीच्या सगळ्यांचे पास बंद, पुढच्या वेळी त्या गावच्या पोरांना घ्यायला कंपनी कां-कूं करणार, आणि तांडेलाला आधी जबाब द्यावा लागणार. बाबांनी सारंगाला सांगितलं. त्या मुलाला उतरू दिलं नाही, पुढच्या बंदरातून घरी पाठवलं. परत त्याला बोट मिळाली नाही.

"सांगायचं तर होतंच," बाबा म्हणाले. "नियमच होता." थोड्या वेळानं म्हणाले, "त्यांच्या शिमग्याला मी परत गेलो नाही कधी. पालखी आमच्या दारावरून जाते, तेव्हा आत बसतो."

मला बोटीवरची माझी ती तुलना आठवली. ती चुकीचीच होती. मी बाबांना साखळीतल्या माणसाच्या जागी ठेवत होते. ते स्वतःला गेले दोन दिवस दुसऱ्याच जागी ठेवून बघत होते.

सत्तावन्नच्या बातम्या सिंगापुरात पोचल्या तेव्हा तिथल्या युरोपियन लोकांची घाबरगुंडी उडाली. गावात इतके भारतीय कैदी, आणि त्यांच्यावर पहारा भारतीय कैद्यांचाच. कलकत्त्याहून आता बंडखोरही इकडेच पाठवणार या भीतीनं व्यापाऱ्यांनी ओरड केली. सिंगापूर कलकत्त्याच्या कारभारातून काढून घ्या, ही मागणी त्यानंतर जोर धरत गेली आणि 1867 मध्ये ती मान्य झाली. तोवर अंदमान सुरू झालं होतं. 1873 मध्ये सिंगापूरचं कैदीखातं बंद झालं. ज्यांची शिक्षा उरली होती त्यांना अंदमानला नेलं, बाकीचे सुटले. सुटलेल्यांतले कितीतरी जण परत गेलेच नाहीत. कुणी गाडीवान झाला, कुणी गाई पाळून दूध विकू लागला, कुणी तिथल्याच बाईशी संसार थाटला. समुद्र ओलांडलेल्या माणसाला गावात पाणी कोण देणार होतं?

बाहेर आलो. बाबांनी विचारलं, त्यांचा तुरुंग कुठे होता. ब्रास बसाहला, दहा मिनिटांवर. चालत गेलो. बाजूच्या रस्त्याचं नाव बेंकूलन स्ट्रीट. आता तिथे मेट्रोची स्टेशनं आहेत, विद्यापीठ आहे, पाठीवर सॅक टाकलेली मुलं बबल टी पीत जात होती. 'बेरास बासाह' म्हणजे मलाय भाषेत ओले तांदूळ. बाबांना ते आवडलं.

सिग्नलला थांबलो तेव्हा ते म्हणाले, "मुंबईहून कधी सुटायची ती जहाजं? महिना कुठला?"

मी म्हटलं, वेगवेगळ्या वेळी.

"शिडाची ना? मग मेच्या आधी सुटलं पाहिजे, नाहीतर आपल्याच किनाऱ्यावर मार खाणार." ते बोटांवर मोजायला लागले. "लंकेपर्यंत एवढे. मग पुढे वारा मागून. अच्याच्या टोकाला आत वळायचं. तिथून पिनांग..." सिग्नल हिरवा झाला, लोक पुढे गेले. बाबा तिथेच उभे राहून मोजत होते.